वाचकांचे प्रश्न : सर्किट बोर्ड हाताळताना स्थितिक विजेपासून बचाव

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून या वेळी आलेल्या पत्रांत एक विषय वारंवार आला आहे : अंगावर साठणाऱ्या स्थितिक विजेमुळे सर्किट बोर्डाचे होणारे नुकसान, ज्याला दुकानांतून ‘स्टॅटिक’ किंवा ‘ईएसडी’ म्हटले जाते. म्हणून या अंकातील स्तंभ संपूर्णपणे त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : राजारामपुरीत गेली चौदा वर्षे माझे लॅपटॉप व मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. अंगावरील वीज जमिनीत नेणारा पट्टा मनगटाला न बांधता मी हजारो बोर्ड हाताळले, पण एकदाही ठिणगी पाहिली नाही की झटका बसला नाही. हे पट्टे आणि मॅट खरोखर आवश्यक आहेत का, की विक्रेत्यांनी घातलेली ही भीती आहे?

उत्तर : आपण अनुभवाच्या आधारे विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ठिणगी दिसली नाही आणि झटका बसला नाही, म्हणजे काही घडलेच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि या विषयातील बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात. स्थितिक विजेचा झटका माणसाच्या बोटाला जाणवण्यासाठी अंगावरील विद्युतदाब साधारणपणे ३,००० व्होल्टच्या आसपास जावा लागतो. त्याहून कमी दाबाचे विसर्जन आपल्या नकळत होऊन जाते. बोर्डावर मात्र असे घटक असतात की ज्यांना १०० व्होल्टचा, काही वेळा त्याहूनही कमी दाबाचा आघात पुरेसा होतो.

याचे कारण त्या घटकांच्या रचनेत आहे. मॉस्फेट या ट्रान्झिस्टरमध्ये आणि आजच्या बहुतेक सर्व आयसींमध्ये, म्हणजे एकाच चिपवरील सर्किटांमध्ये, गेट या नियंत्रक टोकाच्या खाली सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. हा थर दर नॅनोमीटर जाडीला साधारण १ व्होल्ट सहन करतो. म्हणजे १० नॅनोमीटरचा थर १० व्होल्टच्या आसपास फुटतो. उलट बाजूला आपले शरीर हा एक लहानसा कपॅसिटर, म्हणजे प्रभार साठवणारा घटक, आहे. घटकांच्या चाचणीसाठी मानवी शरीराचे जे प्रारूप जगभर वापरले जाते, त्यात १०० पिकोफॅरड धारिता आणि १,५०० ओहम रोध धरलेला असतो. त्या हिशेबाने ३,००० व्होल्टला शरीरात साठलेली ऊर्जा अर्धा मिलिज्यूलसुद्धा भरत नाही. परंतु ती सेकंदाच्या सुमारे एक कोट्यंश भागात बाहेर पडते आणि त्या क्षणी प्रवाह २ अँपिअरपर्यंत जातो. बोटाला जे जाणवतही नाही, ते त्या पातळ थराला छिद्र पाडण्यास पुरते.

आपल्याकडच्या माणसाला हे समजून घेण्यासाठी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यासारखे दुसरे उदाहरण मला सुचत नाही. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवलेले असताना एका बाजूला पाणी चढलेले असते आणि दुसऱ्या बाजूला उतरलेले. पाणी किती आहे यावर बरग्यावरचा जोर ठरत नाही, तर दोन बाजूंच्या पातळीत किती फरक आहे यावर तो ठरतो. दोन्हीकडे पाणी सारखे झाले की बरगा कितीही जुना असला तरी त्याला धोका नाही. तसेच येथे आहे. आपल्या अंगावर ५,००० व्होल्ट असतील आणि बोर्डही त्याच ५,००० व्होल्टवर असेल, तर स्पर्श निर्धोक आहे. आपण आणि बोर्ड यांच्यात फरक असेल, तरच नुकसान होते. पट्टा, मॅट, अर्थिंग, चंदेरी पिशवी ही सारी साधने या एकाच कामासाठी आहेत : हात, अवजार आणि बोर्ड एकमेकांना टेकण्यापूर्वी त्यांची पातळी सारखी करणे. हे एकदा मनात पक्के बसले की पुढील सर्व नियम पाठ करावे लागत नाहीत.

मग चौदा वर्षे आपले निभावले कसे? आयसीच्या पायांशी आत संरक्षक डायोड बसवलेले असतात, ते बरेच आघात परतवतात. लॅपटॉप उघडताना आपला हात सवयीने त्याच्या धातूच्या सांगाड्याला आधी लागतो आणि पातळी आपोआप जुळते. शिवाय आपल्या गावाला हवेची साथ आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापूरच्या हवेत इतका दमटपणा असतो की प्रभार फार काळ टिकत नाही. या विषयातील हस्तपुस्तिकांत वर्षानुवर्षे छापले जाणारे आकडे पाहिले तर हे स्पष्ट होते : विनाइलच्या फरशीवर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर १० ते २० टक्के आर्द्रतेत १२,००० व्होल्टपर्यंत, तर ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत २५० व्होल्टपर्यंत दाब साठतो, टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या बाबतीत तेच आकडे ६,००० आणि १०० असे आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अंधारात स्वेटर काढताना जी तडतड ऐकू येते, ती हीच वीज आहे, आणि मार्चच्या कोरड्या दुपारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून आपण मदरबोर्ड हातात घेतो, तेव्हाही ती आपल्याबरोबर असते.

सर्वांत त्रासदायक भाग म्हणजे प्रत्येक आघाताने घटक तत्काळ मरत नाही. काही वेळा थर अर्धवट दुखावतो, बोर्ड चालू होतो, ग्राहक समाधानाने घरी जातो आणि काही आठवड्यांनी तोच बोर्ड परत येतो. अशा वेळी आपण सुट्या भागाच्या दर्जाला दोष देतो. आपण एक वही ठेवावी, परत आलेल्या प्रत्येक कामाचा महिना आणि कोणता घटक गेला ते लिहावे, आणि दोन वर्षांनी पावसाळ्याचे व उन्हाळ्याचे महिने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. परत येणारा प्रत्येक बोर्ड स्टॅटिकने गेला, असे मी मुळीच म्हणत नाही. सुटलेले सोल्डर, सुकलेले कपॅसिटर आणि पुरवठ्यातील चढउतार यांचा वाटा मोठा असतो. परंतु ती कारणे मीटरवर आणि भिंगाखाली दिसतात, हे दिसत नाही, म्हणून हे आधीच टाळावे लागते.

प्रश्न : मी पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. नवीन आणलेल्या मनगटपट्ट्याची वायर मल्टीमीटरच्या बझरवर तपासली तर आवाजच आला नाही. वायर तुटलेली आहे असे समजून मी ती काढली आणि त्या जागी साधी तांब्याची वायर जोडली. आता बझर वाजतो. सर, हे बरोबर आहे ना?

उत्तर : आपली जोडलेली वायर आजच काढावी, आणि ती काढेपर्यंत तो पट्टा मनगटाला बांधू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपला पट्टा नादुरुस्त नव्हता. त्याच्या वायरमध्ये मुद्दाम १ मेगओहमचा रोध बसवलेला असतो, आणि बझर काही थोड्या ओहमच्या आतच वाजत असल्यामुळे तो गप्प राहिला. मीटर २ मेगओहमच्या पल्ल्यावर ठेवून वायरची दोन टोके मोजली असती, तर १ च्या जवळचा आकडा दिसला असता.

हा रोध तेथे का असतो, याचे गणित आपण स्वतः करून पाहावे. पट्टा अर्थला जोडलेला आहे आणि चुकून आपले बोट २३० व्होल्टच्या फेजला लागले, तर १ मेगओहममधून फार तर ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह वाहील, जो बहुतेकांना जाणवणारही नाही. रोध नसलेली साधी वायर असेल आणि शरीराचा रोध १,००० ओहम धरला, तर हाच प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. घरातील आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडतो, तो उगाच नव्हे. त्याहून अधिक प्रवाह हृदयासाठी प्राणघातक ठरू शकतो. थोडक्यात, आपण बसवलेल्या साध्या वायरने आपले शरीर विजेसाठी सर्वांत सोपा रस्ता बनले होते.

इतक्या मोठ्या रोधातून प्रभार वाहून जाईल का, अशी शंका आपल्या मनात येईल. १०० पिकोफॅरड आणि १ मेगओहम यांचा गुणाकार सेकंदाचा दहा हजारावा भाग येतो. म्हणजे खुर्चीवर हलताना जो प्रभार तयार होतो, तो अर्ध्या मिलिसेकंदात जवळजवळ संपूर्ण निघून जातो. माणसाची कोणतीही हालचाल याहून वेगवान नसते. आणि हळू वाहणे हाच येथे गुण आहे : बंधाऱ्याचे सगळे बरगे एकाच झटक्यात उपसले तर खालच्या काठाची धूप होते, थोडी फट ठेवली तर पाणी निवांत उतरते.

पट्टा बांधतानाही दोन चुका मी सतत पाहतो. तो शर्टाच्या बाहीवर बांधला जातो, किंवा घड्याळासारखा सैल ठेवला जातो. त्याच्या आतील धातूची पट्टी किंवा वाहक धाग्यांचे कापड उघड्या त्वचेला घट्ट टेकले पाहिजे. वायर बहुधा बटणाजवळच आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून रोज काम सुरू करताना पट्टा बांधून, मीटरचा एक प्रोब त्याच हाताच्या बोटांत धरून आणि दुसरा क्लिपला लावून रोध पाहावा. माणूस, पट्टा आणि वायर मिळून तो ३५ मेगओहमच्या आत असावा, अशी मर्यादा या विषयाच्या मानकांत दिलेली आहे. हिवाळ्यात त्वचा कोरडी असेल तर आकडा वाढतो. मनगटाला थोडे पाणी लावले की तो खाली येतो.

प्रश्न : उद्यमनगरात आम्ही व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे ड्राइव्ह) आणि सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांची कार्डे दुरुस्त करतो. इमारत जुनी आहे. थ्री-पिन सॉकेट आहेत, पण त्यातील अर्थ खरा आहे की नाही याची खात्री नाही. आमचा वायरमन म्हणतो की मॅटची वायर न्यूट्रलला जोडा, अर्थ आणि न्यूट्रल शेवटी एकच. शेजारचे म्हणतात नळाला जोडा. काय करावे?

उत्तर : न्यूट्रलला जोडणे कदापि करू नये. रोहित्राजवळ न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो हे खरे असले, तरी आपल्या टेबलापर्यंत येताना तो भाराचा प्रवाह वाहणारी वायर असतो. एखाद्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झालेले असतील, किंवा वाटेत न्यूट्रल तुटला असेल, तर आपली संपूर्ण मॅट फेजच्या दाबावर येईल. जुन्या इमारतींत या दोन्ही गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत. नळाचे म्हणाल, तर पूर्वी लोखंडी पाइप दूरपर्यंत जमिनीत असत, तेव्हा त्या सल्ल्याला काही अर्थ होता. आता भिंतीत पीव्हीसीचा एखादा तुकडा कोठे जोडलेला आहे हे बाहेरून कळत नाही.

अर्थिंग आहे की नाही हे मल्टीमीटरने पाहण्याची पद्धत अनेक जण वापरतात : फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसले की समाधान मानतात. ही परीक्षा अपुरी आहे. मल्टीमीटर इतका नगण्य प्रवाह घेतो की अर्थची वायर गंजून केवळ एका धाग्यावर टिकलेली असली, तरी तो २३० च दाखवील. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजून घ्यावा आणि तो आकडा लिहून ठेवावा. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे; ठेकेदाराला त्याचे नाव घेऊन विचारावे, म्हणजे काम गांभीर्याने होते. नदीकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर मोजलेला आकडा चांगला येतो आणि मे महिन्यात माती भेगाळली की तोच बिघडतो, म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी आणि खड्ड्यात पाणी घालण्याची सोय ठेवावी.

हे काम होईपर्यंत टेबल बंद ठेवण्याचे कारण नाही. आरंभी लिहिल्याप्रमाणे महत्त्व पातळी सारखी होण्याला आहे. मॅट, मनगटपट्टा आणि दुरुस्तीस आलेल्या, पुरवठा काढलेल्या कार्डाचा ग्राउंड हे तिन्ही एकाच बिंदूला, प्रत्येकी रोधातून, जोडले तर जमिनीशी संबंध नसतानाही ते परस्परांच्या पातळीवर राहतात. हा पर्याय तात्पुरता आहे, कारण बाहेरून येणारे मीटर, सोल्डरिंग स्टेशन किंवा दुसऱ्या माणसाचा हात त्या पातळीवर नसतो.

आपल्या कामाच्या संदर्भात एक गोष्ट मी प्रत्येक भेटीत सांगतो आणि येथेही लिहितो. चालू पुरवठ्यावर काम करताना पट्टा काढून ठेवावा. ४१५ व्होल्टचा त्रिकला पुरवठा घेणाऱ्या व्हीएफडीमध्ये डीसी बसवर, म्हणजे मोठे कपॅसिटर जोडलेल्या आतील मुख्य जोडणीवर, सुमारे ५८५ व्होल्ट असतात, आणि पुरवठा बंद केल्यानंतरही ते कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात. निर्मात्याने यंत्रावर लिहिलेला कालावधी थांबावे, मग योग्य पल्ल्याच्या मीटरने बस मोजावा, तो उतरला आहे याची खात्री करावी, आणि त्यानंतरच मनगटाला पट्टा बांधून कार्डाला हात लावावा. कार्डाची किंमत कितीही असली तरी कारागिराच्या जिवापुढे ती काहीच नाही. हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये.

प्रश्न : इचलकरंजीत आमचे रॅपिअर माग आहेत. कार्ड बिघडले की आमचा मुलगा ते वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत घालून मोटारसायकलवरून कोल्हापूरला आणतो. दुरुस्त होऊन आलेले कार्ड थर्मोकोलच्या खोक्यात ठेवतो, कारण त्यात धक्का लागत नाही. यात काही चूक आहे का?

उत्तर : स्थितिक वीज ही गोष्ट मागवाल्याला परकी नाही. पॉलिएस्टरचे सूत चिकटते, तुटते, धाग्याचे तंतू उभे राहतात, आणि म्हणून शेडमध्ये दमटपणा राखला जातो, हे आपण रोज पाहता. जे सुताला होते तेच कार्डाच्या वेष्टनाला होते, आणि थर्मोकोल या बाबतीत सर्वांत वाईट आहे. तो धक्क्यापासून वाचवतो हे खरे. परंतु घासला गेला की त्याच्यावर प्रचंड प्रभार साठतो, आणि तो अवाहक असल्यामुळे हा प्रभार अर्थची वायर लावूनही निघत नाही.

माझ्याच टेबलावरची एक घटना सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दहा मॉस्फेट आणले, एकेक करून मीटरवर तपासले, सर्व चांगले होते. पाय वाकू नयेत म्हणून ते थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी वापरण्यापूर्वी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील तिघांचे गेट आणि सोर्स हे दोन पाय आतून शॉर्ट झालेले होते. त्यांना कोणीही वीज दिली नव्हती. त्या दिवसापासून माझ्या कामाच्या खोलीत थर्मोकोल येत नाही.

कार्डासाठी तीन रंगांच्या पिशव्या मिळतात आणि त्यांचे काम वेगवेगळे आहे. गुलाबी पिशवी स्वतः प्रभार निर्माण करत नाही, पण बाहेरच्या आघातापासून संरक्षण देत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा पातळ थर असतो. तो आतल्या वस्तूभोवती पिंजऱ्यासारखा उभा राहतो आणि बाहेरची ठिणगी आत पोचू देत नाही. प्रवासासाठी हीच वापरावी, तोंड दुमडून बंद करावे, आणि दुमडल्यामुळे चिरा पडलेली जुनी पिशवी टाकून द्यावी. काळी पिशवी वाहक असते. कार्डावर बॅटरी किंवा नाण्यासारखा सेल असेल तर तिच्यात ठेवू नये. अनेक जण चंदेरी पिशवी टेबलावर पसरून तिच्यावर कार्ड ठेवून काम करतात. पिशवीचे संरक्षण तिच्या आत असते, तिच्यावर नसते.

पिशवी हाताशी नसेल, तर कार्ड साध्या कोऱ्या कागदात किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, त्यावरून स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल पूर्ण लपेटावी आणि मग पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. आतील कागदाचा थर सोडू नये, नाहीतर फॉइल टोकांना टेकून सेल किंवा भरलेला कपॅसिटर शॉर्ट होईल. आपल्या मुलाला आणखी एक सवय लावावी : मागातून कार्ड काढण्यापूर्वी पुरवठा पूर्ण बंद करून, मागाच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला उघडा हात लावावा, कार्ड कडांनी धरावे, आणि त्याच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांना बोट लावू नये. दुरुस्त कार्ड देताना-घेतानाही आधी माणसांच्या हातांचा एकमेकांना किंवा पिशवीला स्पर्श व्हावा, कार्डाला नंतर.

प्रश्न : विजेच्या मुख्य बोर्डासमोर अंथरतात तशी काळी रबरी मॅट आमच्याकडे शिल्लक आहे. ती दुरुस्तीच्या टेबलावर चालेल का?

उत्तर : नाही. ती मॅट माणसाला जमिनीपासून वेगळे ठेवण्यासाठी बनवलेली असते, म्हणजे ती पक्की अवाहक आहे. आपल्याला हवी असलेली मॅट प्रभार सावकाश वाहून नेणारी, साधारण १० लाख ते १०० कोटी ओहम रोधाची असते आणि तिला अर्थसाठी बटण असते. उलट टोकाला जाऊन स्टीलचा पत्रा अंथरणेही बरोबर नाही. प्रभारित आयसी धातूवर ठेवताच त्याचा प्रभार एका क्षणात सुटतो आणि तेवढ्यानेही तो जाऊ शकतो.

प्रश्न : मी कागलला घरीच एलईडी ड्रायव्हर आणि दूध संस्थांच्या वजनकाट्यांची कार्डे दुरुस्त करते. अंगावर बहुतेक वेळा सिंथेटिक साडी असते, हातात बांगड्या असतात. पट्टा बांधते, तरी कपड्यांचा त्रास होतो का? सोल्डरिंगची अवजारे कोणती घ्यावीत?

उत्तर : ताई, आपण विचारलेला कपड्यांचा मुद्दा पुस्तकांत क्वचितच नीट समजावलेला असतो. पट्टा त्वचेवरील प्रभार नेतो, कपड्यावरील नाही, कारण सिंथेटिक कापड अवाहक असते. पदर किंवा बाहीचे टोक कार्डावरून फिरले तर त्याला न टेकताही प्रभावाने कार्डावर दाब निर्माण होऊ शकतो. बाह्या झाकणारा सुती ॲप्रन वरून घालावा आणि पदर त्याच्या आत खोचून घ्यावा. काचेच्या बांगड्यांनी स्टॅटिकचे विशेष बिघडत नाही, परंतु धातूच्या बांगड्या आणि अंगठ्या चालू बोर्डावर दोन बिंदू जोडू शकतात, म्हणून पट्ट्याच्या हातात तरी त्या नसाव्यात आणि पट्टा बांगड्यांच्या वर नव्हे तर थेट त्वचेवर बांधावा.

टेबलावरील इतर वस्तूंकडेही त्याच नजरेने पाहावे. प्लॅस्टिकचा डबा, सेलोटेपचे रीळ, मोबाइलचे कव्हर, फाइलचे पारदर्शक फोल्डर या वस्तू उघड्या कार्डापासून किमान ३० सेंटिमीटर लांब ठेवाव्यात. सेलोटेप ओढताना काही हजार व्होल्ट तयार होतात. कार्डावर चिकटवलेली पट्टी काढावीच लागली तर अगदी सावकाश काढावी.

सोल्डरिंगचे सांगायचे तर दोन पिनांचा साधा कावीया (सोल्डरिंग आयर्न) ही स्थितिक विजेची नव्हे, तर गळतीच्या प्रवाहाची अडचण आहे, आणि ती तितकीच हानिकारक आहे. त्यातील तापतारेभोवतीचा अभ्रक जुना झाला की टोकावर दाब येतो आणि तो थेट आयसीच्या पायावर उतरतो. तीन पिनांचा, टोक अर्थला जोडलेला कावीया किंवा तापमान नियंत्रित स्टेशन घ्यावे, आणि पुरवठा काढून, थंड असताना टोक व प्लगची अर्थ पिन यांच्यातील रोध मोजावा. तो १० ओहमच्या आत असावा. सोल्डर ओढण्याचा साधा प्लॅस्टिकचा पंप खटका सुटताना स्वतःच प्रभार निर्माण करतो. काळ्या वाहक टोकाचा आणि अँटिस्टॅटिक असे लिहिलेला पंप घ्यावा, किंवा सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी वापरावी. बोर्ड साफ करताना नायलॉनचा दात घासण्याचा ब्रश अनेक घरांत वापरला जातो. त्याऐवजी स्थितिकरोधी किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी.

प्रश्न : आयटीआय पूर्ण करून शाहूपुरीत छोटे दुकान सुरू करत आहे. भांडवल थोडे आहे. सर्वच साहित्य एकदम घेणे शक्य नाही. आधी काय घ्यावे? ऑनलाइन बिनवायरचे मनगटपट्टेही दिसतात, ते सोयीचे वाटतात.

उत्तर : बिनवायरचा पट्टा घेऊ नये. प्रभाराला निघून जाण्यासाठी वाट लागते; वायर नाही म्हणजे वाट नाही, आणि तो बांधून आपण सुरक्षित आहोत असे वाटणे हे काहीच न बांधण्यापेक्षा अधिक घातक आहे.

पहिला खर्च दुकानाच्या अर्थिंगवर आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर करावा, कारण तो बोर्डाइतकाच आपल्या जिवासाठी आहे. त्याच्या बरोबरीने वायरचा चांगला मनगटपट्टा घ्यावा. मॅट दुसऱ्या महिन्यात आली तरी चालेल. तोपर्यंत उघडे लाकडी टेबल चालवावे, सनमायका किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन नको. मॅट आल्यावर तिची वायर आणि पट्ट्याची वायर एकाच अर्थ बिंदूला स्वतंत्रपणे जोडावी. पट्टा मॅटच्या बटणाला आणि मॅट अर्थला अशी साखळी करू नये, कारण एक सांधा सुटला की दोन्ही सुटतात. अर्थ जोडलेला कावीया त्यानंतर घ्यावा, आणि चंदेरी पिशव्यांचा एक गठ्ठा नेहमी शिल्लक ठेवावा. हवेतील आयन सोडून अवाहक वस्तूंचा प्रभार शमवणारे पंखे मिळतात, पण आपल्या आकाराच्या दुकानाला त्यांची आज गरज नाही.

टेबलाची उंची आणि खुर्ची निवडताना प्लॅस्टिकची खुर्ची टाळून लाकडी किंवा लोखंडी स्टूल सुती गादीसह घ्यावे; त्याला जास्त पैसे पडत नाहीत. पायातील चामड्याच्या कोल्हापुरी चपलेबद्दल मला अनेकदा विचारले जाते. चामडे हवेतील ओल धरते, त्यामुळे रबरी सोलापेक्षा तिच्यातून प्रभार थोडा सुटतो, पण कोरड्या दिवसांत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. बसून काम करताना पट्टा बांधलेलाच असावा. आणि टेबलावरून उठताना पट्ट्याची वायर बटणापासून सोडवावी, पट्टा मनगटावर तसाच ठेवावा; परत बसल्यावर बोर्डाला हात लावण्यापूर्वी पहिली हालचाल ते बटण पुन्हा लावण्याची असावी.